पऱ्हाटीच्या कोळशात ग्राफीन सापडलं का? रामन आणि एक्सआरडीचे आलेख वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातले एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे एक विद्यार्थी प्रकल्पासाठी कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून कार्बन तयार करत आहेत. पऱ्हाट्या वाळवून, दळून ४०० अंश सेल्सिअसला कोळसा केला. एक भाग कोळशाला तीन भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइड असं मिश्रण ट्यूब फर्नेसमध्ये नायट्रोजनखाली ८०० अंशांना एक तास ठेवलं आणि नंतर बोअरच्या पाण्यानं धुतलं. ५३२ नॅनोमीटर लेसरच्या रामन आलेखात (विखुरलेल्या प्रकाशावरून अणूंची कंपनं ओळखायची ही चाचणी) १३४५ आणि १५९० प्रति सेंमी इथे शिखरं आली, पहिलं ‘डी’ आणि दुसरं ‘जी’; त्यांच्या उंचीचं गुणोत्तर ०.९८. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनात, २४ अंशांना रुंद उंचवटा दिसतो आणि त्यावर २६.६ व २९.४ अंशांना बारीक टोकं. आता विचारणा अशी की प्रबंधाच्या शीर्षकात ‘ग्राफीन’ (षटकोनी जाळीतला, एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा थर) लिहावं का, आणि आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात.

शीर्षकात ग्राफीन लिहू नका. तुमच्या हाती आलाय तो सच्छिद्र, अव्यवस्थित कार्बन. सुपरकपॅसिटर, पाणी शुद्धीकरण, वायूशोषण यांसाठी त्याला खरी मागणी आहे, म्हणून त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. मात्र तुमच्या दोन्ही आलेखांत ग्राफीनचा पुरावा नाही, आणि एक्सआरडीतलं निदान एक टोक तर कार्बनचं नाहीच.

डी आणि जी ही शिखरं दिसली म्हणजे ग्राफीन झालं, हा समज फार पसरलेला आहे. रामनमध्ये काय हलतं ते पाहिलं की तो का चुकीचा आहे हे लक्षात येतं. जी शिखर, १५८० च्या आसपासचं, शेजारच्या दोन कार्बन अणूंमधला बंध ताणला-आखडला जाण्यातून येतं. त्यासाठी षटकोनसुद्धा लागत नाही, एसपी-२ बंधाची, म्हणजे ग्राफाइटसारख्या सपाट बंधाची, जोडी पुरते. म्हणून काजळी, पेन्सिलीचं शिसं, चुलीतला कोळसा, कार्बन नॅनोट्यूब, ग्राफाइट या सगळ्यांत जी असतंच. डी शिखर षटकोनी कड्याच्या ‘श्वासातून’ येतं, सहाही अणू एकदम आत आणि एकदम बाहेर. परिपूर्ण जाळीत ही हालचाल प्रकाशाला दिसत नाही. कारण प्रकाशाचा संवेग जवळजवळ शून्य असतो आणि या कंपनाचा संवेग मोठा. लेसरनं उचललेला इलेक्ट्रॉन हे कंपन निर्माण करून ब्रिलुआँ क्षेत्राच्या (स्फटिकातल्या संवेगांच्या नकाशाच्या) एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फेकला जातो आणि परत येण्यासाठी त्याला कुठेतरी आपटावं लागतं. आपटण्याची ती जागा म्हणजे दोष: कडा, रिकामी जागा, जोडलेला ऑक्सिजन. थोडक्यात, डी शिखर दोषांची साक्ष देतं. निर्दोष ग्राफीनच्या मधल्या भागावर लेसर टाकला तर डी दिसतही नाही.

ग्राफीनची ओळख पटवणारं शिखर २७०० च्या आसपास येतं, त्याला टू-डी म्हणतात. तिथे इलेक्ट्रॉनला परत आणायचं काम दोषाऐवजी दुसरं कंपन करतं, पहिल्याच्या नेमक्या उलट संवेगाचं. दोषाची गरज उरत नाही आणि शिखराचा आकार थेट इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांवर ठरतो. एका थराच्या ग्राफीनमध्ये ते एकाच लॉरेंट्झियनमध्ये (शिखराच्या ठरावीक गणिती वक्रात) बसतं आणि त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी २५ ते ३० प्रति सेंमी असते. एकावर एक नीट रचलेल्या दोन थरांत पट्ट्या दुभंगतात आणि तेच शिखर चार लॉरेंट्झियनचं बनतं. ग्राफाइटमध्ये त्याला खांदा असतो. फेरारी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे दाखवल्यापासून थर मोजण्याची ही सर्वमान्य रीत आहे. तुमचा आलेख २००० ला थांबतो, म्हणजे निर्णायक भाग मोजलाच गेलेला नाही. मापन १००० ते ३२०० पर्यंत पुन्हा करा. अशा कोळशात २५०० ते ३१०० मध्ये एक पसरट, बुटका उंचवटा दिसेल अशी अपेक्षा ठेवा. त्यातल्या २९४० च्या आसपासच्या भागात दोषांशी निगडित दोन कंपनांची बेरीज मिसळलेली असते. तो उंचवटा म्हणजे टू-डी नव्हे.

शिखरांच्या जागा दुसऱ्यांच्या पेपरशी जुळवताना लेसरची तरंगलांबी आधी बघा. लेसरची ऊर्जा १ इलेक्ट्रॉनव्होल्टनं वाढली की डी साधारण ५० प्रति सेंमी सरकतं, टू-डी १०० च्या आसपास. ५३२ चा हिरवा लेसर २.३३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ६३३ चा लाल १.९६ चा. नुसता लेसर बदलला तरी डी १८-१९ नं खाली येतं. पुष्कळ प्रबंधांत या फरकाला ‘ताण’ किंवा ‘डोपिंग’ म्हटलेलं असतं, पण तो लेसरचा फरक असतो.

आता ०.९८. या गुणोत्तराभोवतीच सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून इथे जरा थांबू या. तुईन्स्ट्रा आणि कोनिग यांनी १९७० मध्ये दाखवलं की स्फटिकाचे तुकडे लहान होत जातात तसं डी-जी गुणोत्तर वाढत जातं. कडा वाढतात, दोष वाढतात, डी वाढतं. कॅन्साडो यांच्या २००६ च्या सूत्रानं ५३२ नॅनोमीटरला तुकड्याचा आकार सुमारे १९.२ भागिले गुणोत्तर, इतके नॅनोमीटर. तुमच्या आकड्यावरून साधारण २० नॅनोमीटर येतात. पण तुकडे २ नॅनोमीटरच्या खाली गेले की गणित उलटतं. षटकोनी कडीच तुटायला लागतात, ‘श्वास’ घ्यायला कडी उरत नाहीत आणि डी घटायला लागतं. फेरारी व रॉबर्टसन यांनी २००० मध्ये मांडलेल्या या भागात गुणोत्तर आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. त्या सूत्रानं ०.९८ म्हणजे सुमारे १.३ नॅनोमीटर. एकच आकडा, आणि उत्तरं २० किंवा १.३! एखाद्या टेकडीवर ५० मीटर उंचीवर आहे एवढंच सांगितलं तर माणूस चढावर आहे की उतारावर हे कळत नाही, तसंच हे.

कोणत्या उतारावर आहोत हे जी शिखराची रुंदी सांगते. अर्ध्या उंचीवरची रुंदी २०-३० प्रति सेंमी असेल तर तुकडे मोठे. ७० ते १०० असेल तर तुम्ही लहान तुकड्यांच्या बाजूला आहात. ८०० अंशांना केलेल्या कोळशात दुसरीच शक्यता जवळपास नेहमी खरी ठरते. ‘गुणोत्तर कमी झालं म्हणजे ग्राफाइटीकरण वाढलं’ हे वाक्य त्या बाजूला सरळसरळ उलटं पडतं. ग्राफीन ऑक्साइडचं क्षपण केल्यावर, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढल्यावर, गुणोत्तर बरेचदा वाढतं, त्याचंही मूळ इथेच. नवी पण छोटी षटकोनी बेटं तयार होतात आणि डीला जागा मिळते. म्हणून गुणोत्तर लिहाल तिथे जीची रुंदी, लेसर, आणि उंची घेतली की क्षेत्रफळ, हे तिन्ही लिहा. रुंद शिखरांत उंचीचं गुणोत्तर ०.९८ आणि क्षेत्रफळाचं २ च्या आसपास असं सहज होतं. कॅन्साडोंचं सूत्र क्षेत्रफळाचं आहे, फेरारी-रॉबर्टसन यांचं उंचीचं.

फिटिंगमध्ये, म्हणजे आलेखावर गणिती वक्र बसवताना, दोनच शिखरं बसवली तर १५०० जवळची दरी भरत नाही, तिथे प्रत्यक्ष आलेख वरच राहतो. १५०० आणि १२०० च्या आसपास आणखी दोन घटक घ्यावे लागतात. पहिला अस्फटिक भागातून येतो. घटक वाढवाल तसं फिटिंग सुंदर दिसतं आणि अर्थ पातळ होतो, म्हणून सगळ्या नमुन्यांना तेच घटक, तीच बेसलाइन (शिखरांखालची पायरेषा) ठेवा. बेसलाइन एका बाजूला तिरकी चढत असेल तर नमुन्यात डांबरासारखे अवशेष उरले आहेत. ४०० अंशांच्या कोळशात ते असतातच, ८०० च्या नमुन्यात असू नयेत.

मोजताना होणारी मोठी चूक म्हणजे लेसर जास्त ठेवणं. काळी भुकटी सगळा प्रकाश गिळते आणि कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असल्यामुळे उष्णता बाहेर जात नाही. ५० पट भिंगाखाली ५ मिलिवॅट दिले तर नमुना तिथल्या तिथे भाजतो. जी खाली सरकतं, रुंद होतं, कधी खड्डाही पडतो. नमुन्यावर पोहोचणारी शक्ती १ मिलिवॅटच्या आत ठेवा. त्याच जागी ०.२ आणि १ मिलिवॅटला मोजून जी हलत नाही ना हे तपासा. दर सत्राच्या सुरुवातीला सिलिकॉनचं ५२०.७ चं शिखर मोजून यंत्र लावून घ्या. जागा किमान १० घ्या, शक्यतो २०, आणि सरासरीबरोबर विचलन द्या. कोळसा एकसारखा नसतो. खोडाचा गाभा, साल आणि दांडी वेगवेगळी जळतात. आणि ७८५ चा लेसर वापरायची वेळ आली तर काचेची स्लाइड नको. काच स्वतःच १४०० च्या आसपास रुंद चमक देते आणि ती डी-जीवर येऊन बसते. ॲल्युमिनियम फॉइलवर भुकटी दाबा.

एक्सआरडीकडे वळू. २४ अंशांचा उंचवटा कार्बनच्या थरांमधल्या अंतराचा आहे. तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम किरणांनी ब्रॅगच्या नियमानं (तो कोनावरून थरांमधलं अंतर देतो) हिशोब केला तर २४ अंश म्हणजे ०.३७ नॅनोमीटर. ग्राफाइटमध्ये हे अंतर ०.३३५ असतं आणि शिखर २६.५ ला येतं. थर एकमेकांवर वेडेवाकडे फिरलेले असतील तर ०.३४४. म्हणजे तुमच्यात थर दूर आहेत, वाकलेले आहेत, मध्ये आडवे बंध आहेत. उंचवट्याची रुंदी ६ अंश असेल तर शेररच्या सूत्रात (ते रुंदीवरून स्फटिकाचा आकार देतं) ०.८९ गुणिले तरंगलांबी, भागिले रेडियनमधली रुंदी आणि निम्म्या कोनाचा कोसाइन असं करून १.३ नॅनोमीटर येतात. त्याला ०.३७ नं भागलं की साडेतीन. इथे मोह होतो: ‘तीन-चार थर, म्हणजे काही-थरी ग्राफीन.’ हा निष्कर्ष काढू नका. शेररचं सूत्र सांगतं की साधारण चार थरांपलीकडे रचना सुसंगत राहत नाही. ते चार थर सुटे पापुद्रे आहेत असं ते सांगत नाही. विटांच्या ढिगाऱ्यात कुठेही हात घातला तर तीन-चार विटा एकीवर एक सापडतात, तेवढ्यानं भिंत होत नाही. ४३ ते ४४ अंशांच्या रुंद उंचवट्यावरून थराची आडवी लांबी काढता येते. तिथे ०.८९ ऐवजी १.८४ हा स्थिरांक लागतो, हे बरेच जण विसरतात. रुंदी ४ अंश असेल तर उत्तर ४.४ नॅनोमीटर येईल. २० नॅनोमीटरचा दावा इथेही टिकत नाही.

होल्डर कोणता होता, हे विचारून घ्या. काचेचा होल्डर आणि वर पातळ भुकटी असेल तर किरण काचेपर्यंत जातात. काचेचा स्वतःचा रुंद उंचवटा २० ते २५ अंशांमध्ये येतो, नेमका तुमच्या कार्बनच्या जागी. रिकाम्या होल्डरचं मापन शेजारी ठेवा. शून्य-पार्श्वभूमीचा सिलिकॉन होल्डर मिळाला तर उत्तमच.

आता बारीक टोकं. २९.४ चं टोक कॅल्साइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, आणि ते तुमच्या धुण्यातून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. सक्रियीकरणानंतर, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवल्यानंतर, नमुन्यात भरपूर पोटॅशियम कार्बोनेट असतं. आपल्याकडे बेसाल्टातल्या बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. दोन्ही भेटले की चुनखडी कार्बनच्या छिद्रांतच बसते. किटलीत बसणारा थर तो हाच. पऱ्हाटीच्या राखेतलं कॅल्शियमही त्यात भर घालतं. उपाय सोपा आहे: पहिल्या धुण्यापासून डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी वापरा. त्यानंतर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना काही तास ढवळा, बुडबुडे येतील तो कार्बन डायऑक्साइड. मग पीएच उदासीन होईपर्यंत आणि धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरेपणा येणं थांबेपर्यंत धुवा. शेवटी ११० अंशांना रात्रभर वाळवा.

२६.६ च्या टोकाचे दोन संशयित आहेत. पहिला क्वार्ट्झ. त्याचं सगळ्यात बळकट शिखर २६.६४ ला येतं, ग्राफाइटच्या अगदी मांडीला मांडी लावून. पऱ्हाटीला चिकटलेली धूळ आणि अगेटचा खल, दोन्हीतून तो येतो. अगेट म्हणजे सूक्ष्मस्फटिकी क्वार्ट्झच. वितळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सिलिकाचे बारीक कण विरघळतात, जाडे कण उरू शकतात. दुसरा संशयित खरं ग्राफाइट. दळणयंत्राच्या पात्यांतून किंवा मातीतून लोह आलं तर ते ८०० अंशांच्या आसपासही शेजारच्या कार्बनला ग्राफाइटमध्ये रचू लागतं, पण फक्त लोहाच्या कणाभोवती. ओळखण्यासाठी १९ ते २२ आणि ४९ ते ५६ अंश एवढाच भाग ०.०२ अंशाच्या पायरीनं सावकाश मोजा. २०.९ आणि ५०.१ ला टोकं दिसली तर क्वार्ट्झ. ती नसतील आणि ५४.६ ला काही दिसलं तर ग्राफाइट. क्वार्ट्झची दुय्यम शिखरं मुख्य शिखराच्या पाचव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही लहान असतात, म्हणून घाईच्या मापनात ती उंचवट्यात बुडतात. क्वार्ट्झ निघाला तर पुढच्या खेपेला पऱ्हाट्या दळण्याआधीच धुवा. हायड्रोफ्लोरिक आम्लानं सिलिका जातं, पण एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ते हाताळू नका. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि प्रशिक्षित माणूस जवळ नसेल तिथे ते आणूच नये.

पऱ्हाटीपासून ग्राफाइट का होत नाही, याचं उत्तर रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये दिलं आहे. त्यांनी कार्बनचे दोन वर्ग पाडले: तापवल्यावर ग्राफाइट होणारे आणि ३००० अंशांपर्यंत नेले तरी न होणारे. डांबर तापलं की आधी पातळ होतं, त्यातले सपाट रेणू सरकून एकमेकांवर बसतात, मग घट्ट होतात. लाकूड वितळत नाही. सेल्युलोज आणि लिग्निन यांच्यातले आडवे बंध आहे त्याच जागी कार्बन होतात, आणि वाकडे थर एकमेकांत अडकून राहतात. पऱ्हाटी, तुराटी, उसाचं चिपाड सगळी याच वर्गात येतात. त्याच वाकडेपणामुळे त्यांत बारीक छिद्रं राहतात, आणि तुमच्या पदार्थाची खरी किंमत त्या छिद्रांत आहे.

सक्रियीकरणाबद्दल मात्र मला काळजीनं लिहावंसं वाटतं, कारण ही पायरी धोक्याची आहे आणि प्रबंधात एका ओळीत उरकली जाते. ४०० ते ६०० अंशांत सहा रेणू पोटॅशियम हायड्रॉक्साइड दोन कार्बनशी मिळून दोन अणू धातुरूप पोटॅशियम, तीन रेणू हायड्रोजन आणि दोन रेणू पोटॅशियम कार्बोनेट देतात. ७०० च्या पुढे कार्बोनेटही कार्बनबरोबर जळून आणखी पोटॅशियम आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतं. पोटॅशियम ७५९ अंशांना उकळतं. त्याची वाफ थरांमध्ये शिरून छिद्रं रुंदावते आणि उरलेली नळीच्या थंड टोकाला राखाडी चकाकीचा थर म्हणून बसते. गरम असताना नळी उघडली किंवा त्या थरावर एकदम पाणी ओतलं तर आग लागते. नळी वायूच्या प्रवाहातच खोलीच्या तापमानापर्यंत येऊ द्या, मग आधी इथेनॉलचे थेंब, नंतर पाणी. क्रुसिबल निकेलचं घ्या. सिलिका आणि अल्युमिनाला हे मिश्रण खातं. बाहेर पडणारा वायू बबलरमधून (द्रवातून बुडबुडे काढणाऱ्या बाटलीतून) थेट खिडकीबाहेर न्या, त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड आहे.

आणि वीज. उन्हाळ्यात आपल्याकडे मध्येच वीज जाते हे धरूनच प्रयोग आखावा लागतो. वीज गेली की फर्नेस निवते, नळीतला वायू आकसतो, आणि बबलरमधलं पाणी उलटं चढून पोटॅशियमच्या वाफेनं भरलेल्या तापल्या नळीत जाऊ शकतं. नळी आणि बबलरमध्ये एक रिकामी बाटली जोडा, बबलरमध्ये पाण्याऐवजी सिलिकॉन तेल ठेवा. वायू मोजायला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असेल तर तो वीज जाताच बंद होणाऱ्या प्रकारचा आहे का ते पाहा. हातानं फिरवायची झडप आणि काचेचा रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारी नळी) इथे जास्त भरवशाचे.

बाकीच्या चाचण्या भराभर सांगतो.

टीजीए (तापवत जाताना वजन मोजणारी चाचणी) आधी करा, स्वस्त आहे. हवेत ९०० अंशांपर्यंत तापवून जे उरतं ती राख. राख ५ टक्क्यांवर असेल तर पृष्ठफळ, धारकता, सगळे ‘प्रति ग्रॅम’ आकडे तेवढ्यानं खोटे. पृष्ठफळासाठी ७७ केल्व्हिनला नायट्रोजन शोषण. त्याआधी नमुना २०० अंशांना निर्वातात किमान ६ तास ठेवा, नाहीतर छिद्रांत पाणीच बसलेलं असतं. बीईटीचा (शोषणावरून पृष्ठफळ काढायच्या पद्धतीचा) ठरलेला ०.०५ ते ०.३० हा सापेक्ष दाबाचा पल्ला सूक्ष्म छिद्रांच्या कार्बनला लागू पडत नाही. रुकेरोलच्या निकषांनी पल्ला निवडा, तो बहुधा ०.१ च्या खाली येतो. एका सुट्या ग्राफीन थराचं दोन्ही बाजू मिळून सैद्धांतिक पृष्ठफळ २६३० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे. त्याहून मोठा आकडा आला तर तो छिद्रं भरण्यामुळे फुगलेला आहे असं समजा.

एसईएममधलं (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं) ‘चुरगळलेल्या कागदासारखं’ चित्र थरांबद्दल काहीच सिद्ध करत नाही. टीईएममध्ये (नमुन्याच्या आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) चित्रापेक्षा विवर्तन महत्त्वाचं. सहा ठिपक्यांचा स्वच्छ षटकोन आला तर स्फटिकी पापुद्रा, ०.२१ आणि ०.१२ नॅनोमीटरची पसरट कडी आली तर अव्यवस्थित कार्बन. एका थरात आतला षटकोन बाहेरच्याइतका किंवा त्याहून तेजस्वी असतो. नीट रचलेल्या दोन थरांत बाहेरचा जास्त. नमुना ठेवायच्या जाळीवर स्वतःचा कार्बनचा पडदा असतो, म्हणून मोजणी भोकावर लोंबणाऱ्या कडेवर करा. ८० किलोव्होल्ट मागा. ८६ च्या आसपासपासून इलेक्ट्रॉन ग्राफीनमधले अणू उडवायला लागतात, आणि २०० वर बघता बघता रचना बदलते.

एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या चाचणीत) एसपी-२ कार्बनचं शिखर २८४.५ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ, उंच ऊर्जेकडे लांब शेपूट असलेलं. ते सममित वक्रानं बसवलं की उरलेली शेपूट खोट्या ‘ऑक्सिजन गटां’मध्ये मोजली जाते. कार्बनचाच नमुना २८४.८ च्या कार्बनवर टेकवून ऊर्जा ठरवणं म्हणजे स्वतःच्याच सावलीनं उंची मोजणं. नमुन्याला नीट अर्थिंग द्या आणि सोन्याच्या पत्र्यावरून ऊर्जा ठरवा.

प्रकल्पाला ग्राफीनच हवं असेल तर सुरुवात ग्राफाइटपासून करावी लागेल, आणि ऑक्साइडमार्गे. १९५८ ची हमर्स पद्धत १ ग्रॅमवर आणली तर: ग्राफाइट १ ग्रॅम, सोडियम नायट्रेट ०.५ ग्रॅम, संहत सल्फ्युरिक आम्ल २३ मिलिलिटर, पोटॅशियम परमँगनेट ३ ग्रॅम. परमँगनेट चिमटी-चिमटीनं, मिश्रण २० अंशांच्या खाली ठेवून. मे महिन्यात प्रयोगशाळाच ४० अंशांवर असते, तेव्हा बर्फ-मिठाचं भांडं मोठं ठेवा आणि थर्मामीटर आम्लातच बुडवा. आम्ल आणि परमँगनेटपासून बनणारं मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या आसपास स्फोटक होतं. नंतर ३५ अंशांना अर्धा तास, मग थेंब-थेंब ४६ मिलिलिटर पाणी. तापमान ९८ पर्यंत चढतं, तिथे १५ मिनिटं. शेवटी पाणी घालून एकूण सुमारे १४० मिलिलिटर करायचं आणि रंग पिवळा होईपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड. इथेही बोअरचं पाणी चालत नाही, कॅल्शियमचे आयन ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे एकमेकांना चिकटवतात आणि द्रावणाचा साका होतो. वाळवणं ५० अंशांच्या आत, कारण कोरडं ग्राफीन ऑक्साइड २०० अंशांजवळ भसकन विघटित होतं. एक्सआरडीत ११ अंशांना, म्हणजे ०.८ नॅनोमीटरला शिखर आणि अतिनील वर्णपटात २३० नॅनोमीटरला शोषण दिसलं की ऑक्साइड झालं. क्षपणानंतर ते शोषण २७० कडे सरकतं. त्या पदार्थाचं नावही ‘क्षपित ग्राफीन ऑक्साइड’ असंच लिहायचं.

तुमच्या पऱ्हाटीच्या नमुन्यासाठी क्रम असा ठेवा: आम्लानं धुणं, टीजीए, सावकाश एक्सआरडी, ३२०० पर्यंत रामन, नायट्रोजन शोषण. टीईएम आणि एक्सपीएस पैसे उरले तर. जवळच्या विद्यापीठात सोय नसेल तर मुंबई आयआयटीतलं अत्याधुनिक विश्लेषण उपकरण केंद्र बाहेरचे नमुने घेतं, आणि विद्यापीठांसाठी इंदूरला यूजीसी-डीएईचं (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचं) केंद्र आहे. पाठवताना वाळवलेला नमुना काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत द्या; प्लास्टिकच्या पिशवीला कार्बन चिकटतो आणि निम्मा तिथेच राहतो. त्याच खेपेचा न धुतलेला आणि ४०० अंशांचा कोळसा तुलनेला सोबत ठेवा. अर्जावर लेसरची तरंगलांबी, नमुन्यावरची शक्ती, रामनचा पल्ला आणि एक्सआरडीचा होल्डर स्वतः लिहून मागा, आणि निकाल चित्रात न घेता आकड्यांच्या कच्च्या फाइलमध्ये घ्या.